बर्गंडीची खेडी व त्यांतील मठ

फ्रान्स म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पॅरिस उभे राहते. आयफेलचा मनोरा, लूव्हरचे चित्रसंग्रहालय, राज्यक्रांतीच्या वेळी जमावाने फोडलेला बास्तीयचा तुरुंग, एवढ्या गोष्टी शाळेतील पुस्तकांतूनच आपल्या ओळखीच्या झालेल्या असतात. परंतु एखाद्या देशाचा सारा इतिहास त्याच्या राजधानीतच घडतो असे नाही. महाराष्ट्राचा इतिहास ज्याला समजून घ्यावयाचा आहे त्याने पुणे-सातारा पाहावे हे खरे. पण देहू, आळंदी, पैठण न पाहता तो परतला, तर त्याच्या हाती अर्धाच इतिहास लागला असे म्हणावे लागेल. फ्रान्सचेही तसेच आहे. मध्ययुगातील फ्रान्सची, किंबहुना साऱ्या पश्चिम युरोपची, सूत्रे कित्येक वेळा राजवाड्यांतून हलत नसत. ती आडरानातील मठांतून हलत. या मठांतील मोठे मठ बर्गंडी प्रांतात झाले.

पॅरिसहून आग्नेयेकडे निघाले की हा प्रांत लागतो. भूमी सौम्य, टेकड्यांची. उतारांवर द्राक्षमळे, खाली कुरणे, कुरणांत पांढरीशुभ्र गुरे, आणि मधून मधून चुनखडीच्या फिकट पिवळ्या दगडांची घरे असलेली लहान लहान खेडी. अशा एखाद्या चारपाचशे वस्तीच्या खेड्यात, गावाच्या मानाने दसपट मोठे चर्च दिसले, की समजावे, येथे पूर्वी मठ होता.

या मठांचा मूळपुरुष संत बेनेडिक्ट हा सहाव्या शतकात इटलीत होऊन गेला. मठातील साधूने केव्हा उठावे, किती जेवावे, किती वेळ प्रार्थना करावी, किती वेळ हातांनी काम करावे, याची एक नियमावली त्याने घालून दिली. नियमावली लहानशी, पण तिने युरोपातील मठजीवनाला शेकडो वर्षे वळण लावले. मठ श्रीमंत झाले, नियम ढिले पडले, मग कोणीतरी उठून ते पुन्हा आवळले, असा हा क्रम सतत चालू असे. बर्गंडीतील क्लुनीचा मठ अशाच एका आवळणीतून जन्मास आला.

इ. स. ९१० मध्ये अक्वितेनचा ड्यूक विल्यम याने क्लुनी येथील आपली जमीन मठासाठी दान केली. दान देणारे सरदार त्या काळी पुष्कळ होते. पण दान दिल्यावर मठाधिपती कोण व्हावा, उत्पन्न कोणी खावे, हे ठरविण्याचा हक्क ते आपल्याकडे ठेवीत. विल्यमने तो सोडला. हा मठ संत पीटर व संत पॉल यांचा, त्यावर ना माझा अधिकार, ना माझ्या वारसांचा, ना राजाचा, असे त्याने दानपत्रात लिहून दिले. दानपत्रातील या एका अटीने क्लुनी मोठा झाला. आसपासचे सरदार एकमेकांच्या उरावर बसलेले असताना हा मठ कोणाचाच अंकित नव्हता. शिवाय मठाधिपतीही त्याला एकाहून एक कर्तबगार मिळाले. ओदिलो ९९४ पासून १०४९ पर्यंत गादीवर होता. त्याच्यामागून आलेल्या ह्यूने १०४९ पासून ११०९ पर्यंत कारभार केला. दोन माणसांत मिळून एकशेपंधरा वर्षे! इतके दीर्घ स्थैर्य त्या शतकांत फारच थोड्या राजघराण्यांच्या वाट्याला आले असेल. ह्यूच्या पश्चात भरभराटीच्या शिखरावर क्लुनीच्या आज्ञेत हजारावर मठ होते.

सर्व मृतांच्या आत्म्यांसाठी वर्षातून एक दिवस प्रार्थना करण्याची प्रथा याच ओदिलोने इ. स. १००० च्या सुमारास आपल्या मठांतून सुरू केली. तो दिवस २ नोव्हेंबरचा. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबे आजही त्या दिवशी आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. त्या मेणबत्तीची वात बर्गंडीतील या खेड्यापर्यंत जाऊन पोचते हे फारच थोड्यांस ठाऊक असेल.

ह्यूने १०८८ साली नवे चर्च बांधावयास घेतले. ते पुरे झाले तेव्हा त्याची लांबी १८७ मीटर, म्हणजे सहाशे फुटांहून अधिक भरली. आणि पुढे चारशे वर्षांनी रोम येथे संत पीटरचे नवे चर्च उभे राहीपर्यंत ख्रिस्ती जगात एवढे मोठे चर्च दुसरे नव्हते. एवढा पैसा कोठून आला? त्यातील मोठा वाटा स्पेनमधून आला. तेथील ख्रिस्ती राजे शेजारच्या मुसलमान संस्थानिकांकडून दरसाल सोन्याची खंडणी उकळीत; आपल्याकडील चौथाईची आठवण व्हावी असाच तो प्रकार. राजा फर्डिनंड याने त्यातून क्लुनीला वार्षिक देणगी बांधून दिली व त्याचा पुत्र सहावा आल्फोन्सो याने ती १०७७ साली दुप्पट केली. कोर्दोव्हाच्या उद्ध्वस्त खिलाफतीच्या वारसांनी मोजलेले सोने बर्गंडीत येऊन ख्रिस्ती चर्चचे खांब होत होते. इतिहासातील पैशाचा प्रवास हा माणसांच्या प्रवासापेक्षा अधिक विलक्षण असतो. २०१७ साली मठाच्या आवारात उत्खनन चालू असता २,२०० हून अधिक चांदीची नाणी सापडली, व त्यांच्याबरोबर एका कातडी पिशवीत २१ सोन्याचे दिनार निघाले. हे दिनार बाराव्या शतकात स्पेन व मोरोक्को येथे पाडलेले आहेत. कोणी, कशासाठी, कोणाच्या भयाने ते पुरले, याचा उलगडा नाण्यांवरून होत नाही.

१०९५ च्या ऑक्टोबरात पोप दुसरा अर्बन स्वतः क्लुनीस आला व त्याने नव्या चर्चच्या मुख्य वेदीचा संस्कार केला. हा पोप पूर्वी येथीलच साधू होता. पुढच्याच महिन्यात क्लेरमाँ येथे त्याने जेरुसलेम जिंकण्याची हाक दिली व पहिले धर्मयुद्ध सुरू झाले. आणि याच गादीवर थोड्या वर्षांनी आलेल्या पीटर या मठाधिपतीने ११४३ मध्ये कुराणाचे लॅटिन भाषांतर करवून घेतले, ते तलवारीऐवजी वाणीने मुसलमानांशी वाद घालता यावा म्हणून. हेतू खंडनाचा होता हे खरे. पण खंडनासाठी का होईना, प्रतिपक्षाचा ग्रंथ आधी समजून घ्यावा असे त्या काळी ज्याला वाटले, तो माणूस सामान्य नव्हे. धर्मसभेने दोषी ठरविलेल्या आबेलार या बुद्धिमान व दुर्दैवी पंडितास अखेरच्या दिवसांत आश्रय दिला तोही यानेच.

आज प्रवासी क्लुनीला येतो तो हे सारे मनात ठेवून, आणि स्तब्ध होतो. कारण ते चर्च तेथे नाही. आडव्या दालनाचा दक्षिणेकडील एक भाग व त्यावरील अष्टकोनी मनोरा तेवढा उभा आहे. साऱ्या इमारतीचा हा दहावा हिस्साही नाही. त्या एका भागात उभे राहून मान वर केली, म्हणजे छताची उंची पाहून उरलेल्या नऊ हिश्शांची कल्पना येते व मन विषण्ण होते.

हे शत्रूने केले नाही. जाळपोळीनेही झाले नाही. सोळाव्या शतकापासून फ्रान्सच्या राजाला मठाधिपती नेमण्याचा हक्क मिळाला, आणि राजे आपल्या मर्जीतील माणसांना या गाद्या इनामासारख्या देऊ लागले. मठाचे तोंड न पाहता उत्पन्न तेवढे पॅरिसला नेणारे मठाधिपती झाले. रिशल्यू व माझारँ हे दोघे कारभारी क्लुनीचे मठाधिपती होते, यावरून काय ते समजावे. विल्यमच्या दानपत्रातील ती अट तेव्हाच मेली होती. पुढे राज्यक्रांतीने १७९० साली मठसंस्था बरखास्त केली, आणि १७९८ साली सरकारने क्लुनीची इमारत व्यापाऱ्यांना विकली. व्यापाऱ्यांनी ती दगडाच्या भावाने घेतली. १८२३ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे, ते चर्च ही एक दगडाची खाण होती. मधोमध रस्ता काढला, मनोऱ्यांना सुरुंग लावले, आणि ज्याला घर बांधावयाचे असेल त्याने गाडी भरून दगड न्यावा. नेपोलियनच्या सरकारने १८०६ साली येथे घोड्यांची पैदास करण्याची पागा काढली, तिच्या भिंतींनाही हेच दगड लागले. क्लुनीतील जुन्या घरांच्या भिंती नीट न्याहाळल्या तर कोठे कोठे एखादा कोरीव तुकडा दिसतो. एका अर्थाने चर्च गावातच आहे, फक्त विखुरलेले आहे.

जुन्या गोव्यातील संत आगुस्तीनच्या मठाचे अवशेष ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. तेथेही १८३५ साली सरकारी हुकुमाने धर्मसंघ बरखास्त झाला, मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग व अर्धा मनोरा ढासळला. तेथे पावसाने व दुर्लक्षाने जे केले ते क्लुनीत हिशेबी हातांनी केले, एवढाच फरक. १९२८ पासून १९५० पर्यंत कॉनंट या अमेरिकन पुराणवस्तुशास्त्रज्ञाने पायांचे खणन करून क्लुनीच्या चर्चचा संपूर्ण आराखडा पुन्हा कागदावर उभा केला. गाभाऱ्याभोवतीच्या खांबांची आठ कोरीव शीर्षे वाचली. ती आता मठाच्या पिठाच्या जुन्या कोठारात, लाकडी छताखाली मांडून ठेवली आहेत.

क्लुनीच्या वैभवाचा पहिला मोठा टीकाकार राज्यक्रांतीच्या सहाशे वर्षे आधीच होऊन गेला होता. त्याचे नाव संत बर्नार्ड. १०९८ मध्ये काही साधूंनी बर्गंडीच्या पाणथळ रानात सितो येथे नवा मठ काढला होता: बेनेडिक्टचा नियम अक्षरशः पाळावयाचा, हातांनी राबावयाचे, दागदागिने, चित्रे, कोरीवकाम यांपैकी काही ठेवावयाचे नाही. बर्नार्ड हा या पंथाचा मोठा पुरस्कर्ता. मठाच्या अंगणात, जेथे साधूंनी वाचन करावयाचे तेथे, दगडांत कोरलेल्या राक्षसांचे व चित्रविचित्र प्राण्यांचे काय काम, असा त्याचा रोकडा सवाल होता. भिंती सोन्याने मढतात आणि दारचा गरीब उपाशी राहतो, ही त्याची तक्रार होती. आपल्या संतांच्या वाणीची सवय असलेल्यास हा सूर ओळखीचा वाटेल. मात्र बर्नार्ड नुसता विरक्त नव्हता. पोपांना उपदेश करणारा, राजांना दटावणारा असा तो एक करारी राजकारणीही होता.

त्याला काय हवे होते ते पाहावयाचे तर माँबार गावाजवळच्या फाँतने मठात जावे. १११८ साली बर्नार्डने तो स्थापला. चर्च ११४७ मध्ये पुरे झाले. रानाने वेढलेल्या अरुंद खोऱ्यात, वाहत्या ओढ्याच्या काठी हा मठ आहे. चर्चला मनोरा नाही, दारावर मूर्ती नाही, खांबांवर पाने-फुलेसुद्धा नावापुरतीच. जे काही सौंदर्य आहे ते प्रमाणाचे व खिडक्यांतून येणाऱ्या उजेडाचे. वर शयनगृह, सारे साधू एकाच दालनात निजत. आणि बर्गंडीच्या त्या हिवाळ्यात शेकोटी एकाच लहानशा खोलीत.

परंतु फाँतनेची खरी नवलाई आवाराच्या कडेला आहे. तेथे पन्नासांहून अधिक मीटर लांबीची एक दगडी इमारत आहे. ती मठाची लोहारशाळा. बाराव्या शतकाच्या अखेरीची ही इमारत युरोपातील लोखंडाच्या सर्वांत जुन्या कारखान्यांपैकी एक समजली जाते. शेजारच्या टेकडीतून खनिज काढावयाचे, भट्टीत वितळवावयाचे, आणि ओढ्याचे पाणी वळवून त्याने चाक फिरवावयाचे. चाकाने घण उचलला जाई व आपल्या वजनाने तो ऐरणीवर पडे. जगाचा त्याग करून रानात गेलेल्या माणसांनी आपल्या काळातील पुढारलेले यंत्र चालवावे हा विरोधाभास खरा, पण त्याचे कारण साधे आहे. दुसऱ्याच्या श्रमावर जगावयाचे नाही असे एकदा ठरविले, आणि प्रार्थनेचे तास तर ठरलेले, म्हणजे हातांचे काम पाण्याकडून करून घेणे भागच होते. द्राक्षमळ्यांतही या पंथाने अशीच चिकाटी दाखविली. व्हूजो येथील त्यांच्या कुंपण घातलेल्या मळ्याचे नाव आजही मद्याचे रसिक आदराने घेतात. बर्नार्डला ही कीर्ती रुचली असती असे वाटत नाही.

क्रांतीनंतर फाँतनेही विकला गेला. पण येथे ओढा होता, पडते पाणी होते. म्हणून त्याची खाण न होता कागदाची गिरणी झाली. विमान बलूनमुळे प्रसिद्धीस आलेल्या माँगॉल्फिए घराण्यातील मंडळींनी एकोणिसाव्या शतकात ती चालविली. चर्चमध्ये माल साठवीत असतील, छपरावर धुराडी आली असतील. पण कारखानदाराला छप्पर शाबूत लागते, आणि त्यामुळे भिंती वाचल्या. १९०६ साली लिआँ येथील एदुआर एनार या पेढीवाल्याने तो विकत घेऊन गिरणीची सारी बांधकामे पाडली व मठाला मूळ रूप दिले. बर्नार्डचा स्वतःचा क्लेरव्हो येथील मठ मात्र १८०८ पासून तुरुंग झाला, तो थेट २०२३ पर्यंत. इमारतीच्या नशिबी काय येईल याला नियम नाही.

फाँतनेहून थोड्याच अंतरावर, टेकडीच्या माथ्यावर, फ्लाव्हिन्यी हे तटबंदीचे खेडे आहे. येथील मठ आठव्या शतकातला; आता त्याचे नवव्या शतकातील तळघर तेवढे पाहण्यासारखे उरले आहे. पण मठ मोडला तरी मठाच्या आवारात बनणाऱ्या गोळ्या राहिल्या. बडीशेपेच्या जातीचा एक दाणा घ्यावयाचा, फिरत्या परातीत तो हलवीत त्यावर साखरेच्या पाकाचा एक एक पातळ थर चढवावयाचा, आणि असे दिवसचे दिवस करून वाटाण्याएवढी पांढरी गुळगुळीत गोळी तयार करावयाची. संक्रांतीचा हलवा ज्या घरात होतो तेथील गृहिणीला ही कृती समजावून सांगावी लागणार नाही. तिच्या हलव्याला काटा येतो आणि यांच्या गोळीला येत नाही, इतकेच.

आता व्हेझले. हे गाव एका डोंगराच्या सोंडेवर वसले आहे; पायथ्यापासून निघालेली एकच चढती गल्ली, दोहो बाजूंस जुनी घरे, आणि गल्लीच्या शेवटी संत मेरी मॅग्डालेनचे चर्च. या संतस्त्रीच्या अस्थी आपल्यापाशी आहेत असे येथील मठ अकराव्या शतकात सांगू लागला, आणि यात्रेकरूंची रीघ लागली. यात्रा आली की पैसा येतो, पैसा आला की भांडण येते. ११०६ मध्ये करांना कंटाळलेल्या गावकऱ्यांनी मठाधिपतीला ठार मारले. ११२० मध्ये, ऐन यात्रेच्या वेळी, चर्चला आग लागून हजारावर माणसे बळी पडल्याचे जुने इतिवृत्तकार सांगतात. त्यानंतर जे नवे चर्च उभे राहिले तेच आज दिसते.

त्याच्या ओसरीतून आत जाण्याच्या मधल्या दरवाजावरील कोरीवकाम पाहण्यास जगातून लोक येतात. मध्ये येशू, त्याच्या हातांतून निघालेले किरण शिष्यांच्या मस्तकांवर पडत आहेत, आणि शिष्य धर्मोपदेशासाठी जगभर निघणार आहेत. त्या जगात कोण कोण राहतात ते भोवती कोरले आहे. शिडी लावून घोड्यावर चढणारे बुटके आहेत, कुत्र्याच्या तोंडाची माणसे आहेत, आणि सुपाएवढ्या कानांचे एक कुटुंब आहे. हे लंबकर्ण आले कोठून? मध्ययुगीन पंडितांनी ते प्लिनीसारख्या रोमन ग्रंथकारांवरून घेतले, रोमनांनी ग्रीकांवरून; आणि ग्रीकांपैकी चंद्रगुप्ताच्या दरबारी राहिलेल्या मेगॅस्थिनीसाने, कानांत गुंडाळून निजणाऱ्या लोकांची हकीकत हिंदुस्थानात ऐकून लिहून ठेवली होती. महाभारताच्या सभापर्वात सहदेवाच्या दिग्विजयात ‘कर्णप्रावरण’ म्हणजे कानांचे पांघरूण करणारे लोक येतात, ते हेच! आपल्याकडील एक कथा ग्रीक, रोमन व लॅटिन अशा तीन मुक्कामांनंतर बर्गंडीच्या डोंगरावर दगडात जाऊन बसली. आत एका खांबाच्या शीर्षावर जाते कोरले आहे. एक जण त्यात धान्य ओततो, दुसरा खाली पोत्यात पीठ धरतो. ओतणारा मोझेस व धरणारा पॉल, म्हणजे जुन्या कराराचे धान्य व नव्या कराराचे पीठ, असा त्याचा अर्थ लावतात.

११४६ च्या ईस्टरला याच गावाबाहेरच्या उतारावर, राजा सातवा लुई समोर असताना, बर्नार्डने दुसऱ्या धर्मयुद्धाची हाक दिली. गर्दी चर्चमध्ये मावेना. क्रूस शिवण्यासाठी आणलेले कापड संपले, तेव्हा त्याने आपली वस्त्रे फाडून वाटली, असे समकालीन लेखक सांगतो. दोन-तीन वर्षांत ते युद्ध दमास्कसच्या तटापाशी फसले, गेलेल्यांपैकी फार थोडे परतले, आणि बर्नार्डला उरलेले आयुष्य त्याची सफाई देत काढावे लागले. साधी राहणी, निर्मळ चारित्र्य आणि अमोघ वाणी असलेला माणूसही सहस्रावधींना मृत्यूकडे धाडू शकतो, हे फाँतनेच्या शांत दालनांतून आलेल्या प्रवाशाला व्हेझलेत प्रथम जाणवते.

१२७९ मध्ये प्रॉव्हांसमध्ये मॅग्डालेनचा दुसराच देह सापडल्याचे जाहीर झाले व व्हेझलेची यात्रा ओसरली. १८३४ साली पुराणवास्तूंचा सरकारी निरीक्षक प्रोस्पेर मेरिमे येथे आला (पुढे ‘कार्मेन’ लिहिणारा तो हाच), तेव्हा चित्र काढीत बसले असता आजूबाजूस खडे निखळून पडल्याचे आवाज येत होते, असे त्याने लिहिले. त्याने सरकारच्या मागे लागून १८४० मध्ये व्हियोले-ल-द्यूक या सव्वीस वर्षांच्या शिल्पज्ञाकडे दुरुस्ती सोपविली. त्याने काही ठिकाणी जुने काढून नवे बसविताना हात सैल सोडला, हा आक्षेप रास्त आहे. तथापि तो आला नसता तर आक्षेप घेण्यास चर्चच उरले नसते. क्लुनी पाडून संपल्याला तेव्हा वीस वर्षेही झाली नव्हती.

चर्चकडे जाणाऱ्या त्या चढत्या गल्लीत एक घर आहे. गांधीजी, रामकृष्ण परमहंस व विवेकानंद यांची चरित्रे लिहून युरोपला त्यांची ओळख करून देणारे रोमँ रोलाँ १९३८ पासून तेथे राहत. त्यांच्याच तोंडून गांधीजींचे नाव ऐकून मीराबेन हिंदुस्थानात आल्या व पुढे सेवाग्रामच्या परिसरात राहिल्या. जर्मनांच्या ताब्यातील फ्रान्समध्ये वार्धक्याची व आजाराची वर्षे काढून, देश मुक्त झालेला पाहून, ३० डिसेंबर १९४४ रोजी रोलाँ त्या घरात वारले.

दोन वर्षांनी, १९४६ मध्ये, बर्नार्डच्या त्या भाषणाला आठशे वर्षे झाली. तेव्हा व्हेझलेला एक निराळी यात्रा भरली. ठिकठिकाणांहून लोक मोठमोठे लाकडी क्रूस खांद्यावर घेऊन पायी आले. असे चौदा क्रूस होते, आणि प्रार्थना शांततेसाठी होती. जवळच्या छावणीत जर्मन युद्धकैदी ठेवलेले होते. आम्हांलाही येऊ द्या, असे त्यांनी विचारले. बाँबने पडलेल्या घरांची लाकडे जोडून त्यांनी पंधरावा क्रूस केला व तो डोंगरावर आणला. हे क्रूस चर्चच्या भिंतींशी आजही आहेत. चौदा रेखीव तुळयांचे आहेत. पंधराव्याचे लाकूड ओबडधोबड आहे.